शून्यावरचा आवाज

दर रविवारी सकाळी अमडापूरच्या चिखली रस्त्याला जत्रेची कळा यायची. खामगावहून जीपगाड्या, वडनेर भोलजीहून टेम्पो, आसपासच्या खेड्यांतून बैलगाड्या आणि सायकली, सगळ्यांचं तोंड एकाच बाजूला. गावाबाहेर सरकी साठवायचं एक जुनं पत्र्याचं गोदाम होतं. त्यावर आता भगवं निशाण फडफडत होतं आणि दारावर रंगवलेली पाटी होती : ‘श्री संगणकनाथ महाराज दरबार. चपला बाहेर काढाव्या. देवाच्या वायरीला हात लावू नये.’

कारण देव वायरीवर चालत होता. देव म्हणजे कॉम्प्युटर.

साल १९९८. गावातल्या बहुतेकांनी कॉम्प्युटर पाहिला होता तो टीव्हीवर, नाहीतर बँकेत काचेपलीकडं, पांघरूण घातलेला. इथं तो चौरंगावर बसला होता. पडद्याच्या कपाळाला कुंकवाचं बोट, गळ्यात झेंडूचा हार, दोन्ही बाजूंच्या स्पीकरांपुढं एकेक नारळ. कापूर पेटला की पडद्यावर निरांजनाचं चित्र उगवायचं आणि भजन सुरू व्हायचं. भजन थांबलं की देव बोलायचा. भारी, घुमणारा, खोल विहिरीतून यावा तसा आवाज. समोरच्या बाईनं अजून तोंडही उघडलेलं नसायचं आणि आवाज म्हणायचा, ‘बाई, तुझी म्हैस आटली आहे. घरात जावाजावांचं पटत नाही.’ बाई पदर डोळ्यांना लावायची आणि मागची गर्दी हात जोडायची.

लाइट गेली की देव समाधीत जात. त्या भागात लोडशेडिंग फार, त्यामुळं देवाची समाधीही वरचेवर लागायची.

संगणकनाथ महाराज चाळिशीतले, गोरेगोमटे, अंगात भगवी कफनी आणि मनगटावर भलंमोठं घड्याळ. नाथपदाला पोचण्याआधी ते नुसते मोतीराम होते आणि दुसऱ्या तालुक्यात व्हिडिओ कॅसेटी भाड्यानं द्यायचे. केबल आली, धंदा बसला आणि त्यांना साक्षात्कार झाला. आता त्यांच्या वाणीला खळ नव्हता.

“भक्तांनो, ब्रह्मांड हे हार्डवेअर आणि आत्मा हे सॉफ्टवेअर. देह म्हणजे फ्लॉपी. फ्लॉपी खराब होते, पण आत्म्याचा डेटा वर चित्रगुप्ताच्या कॉम्प्युटरवर सुरक्षित असतो. पाप म्हणजे व्हायरस, आणि नामस्मरण हाच त्यावरचा उपाय. या उंदराला उंदीर समजू नका. कलियुगात गणरायानं आपलं वाहन टेबलावर पाठवलं आहे.”

यातलं अर्धं लोकांना कळायचं नाही, आणि न कळलेल्या अर्ध्यावरच त्यांची श्रद्धा जास्त होती.

पण दरबाराचा खरा मासला पुढंच होता. महाराज गर्दीतून कुणालाही बोलवायचे, त्याच्या हातात तो माऊस द्यायचे आणि पडद्यावरची एक पट्टी दाखवायचे. तिच्यावर छोटी गुंडी. गुंडी वर नेली की भजन मोठं, खाली आणली की बारीक. मग ते सांगायचे, ने खाली, अगदी तळाला ने. गुंडी शून्यावर टेकायची, भजन गप्प व्हायचं, गोदामात टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता पसरायची. आणि त्या शांततेत देव बोलायचा. आवाज बंद केलेल्या यंत्रातून, खणखणीत.

“माणसाचा आवाज माणसाच्या बोटानं बंद होतो,” महाराज म्हणायचे, “देवाचा होत नाही.”

यावर बोलायची कुणाची छाती नव्हती. गुंडी ज्यानं खाली आणलेली असायची, तोच गावात जाऊन शपथेवर सांगायचा.

पंचफुला शनिवारी खामगावहून घरी आली तेव्हा तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. ती तिथल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची आणि मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहायची. क्लासमध्ये ती मॅडम होती. अमडापुरात शिरली की पंची व्हायची. तिचा बाप कडूबा मळ्यात वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर करायचा. आई नव्हती. तिला वाढवलं होतं ते आत्यानं, रुक्मिणीबाईनं. आत्या तरुणपणीच विधवा होऊन भावाकडं आलेली, तोंडानं फटकळ आणि हातानं सढळ. गेल्या वर्षापासून तिला खोकला धरला होता. थुंकी तपासली तर क्षय निघाला. सरकारी दवाखान्यातून गोळ्या सुरू झाल्या, महिन्याभरात खोकला पळाला, ताप उतरला, आत्या पुन्हा भाकरी थापायला बसली.

आणि आज पंचफुला दारात पाय ठेवते तो आतून तोच जुना, छातीच्या तळातून येणारा खोकला. गोळ्यांची पाकिटं कोनाड्यात न फोडलेली पडली होती.

“देवानं सांगतलं,” आत्या म्हणाली. “लाल पानी जाते ते रगत हाय म्हने. त्या गोळ्या आंगातलं रगत काढून राह्यल्या. मी कोनाजवळ बोलली नव्हती वं पंची. तुह्या बापाजवळ बी नाई. मंग त्याले कसं समजलं?”

कडूबा खाली मान घालून बसला होता. हळूहळू त्याच्या तोंडून निघालं की गोळ्यांच्या रंगानं लघवी लाल होते, घाबरायचं नाही, असं डॉक्टरनं त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पण थोरल्या बहिणीजवळ असली गोष्ट बोलायची कशी, म्हणून त्यानं ती गिळली. आता तो सांगत होता तर आत्या ऐकायला तयार नव्हती. डॉक्टरनं एक सांगितलं, देवानं एक सांगितलं. दोघांत मोठा कोण, एवढाच तिचा सवाल होता.

पंचफुलाचं रक्त उसळलं. कॉम्प्युटर म्हणजे तिचा रोजचा बैल. तो बोलत नाही, आपण सांगू तेवढंच करतो, हे ती रोज पोरांना शिकवायची. तिनं आत्याला सांगितलं की उद्या मीच येते तुझ्यासोबत, आणि तुझ्या देवाची वाचा बंद करून दाखवते.

दुसऱ्या दिवशी दोघी दरबारात बसल्या. दाराशी वच्छलाबाई नावाची एक गोडबोली बाई सगळ्यांना पाणी देत होती, कुठून आलात, काय दुखतं म्हणून मायेनं विचारपूस करत होती. पंचफुलाला तहान नव्हती. तिचं सगळं लक्ष चौरंगाकडं होतं. महाराजांनी नेहमीचं आव्हान दिलं तशी ती उठली आणि भर गर्दीत म्हणाली की मी खामगावात कॉम्प्युटर शिकवते, मला करू द्या. महाराजांच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी हललं. मग ते हसले आणि त्यांनी माऊस तिच्या हातात दिला.

पंचफुलानं गुंडी नीट तळाला नेली. शेजारी आवाज बंद करायची छोटी चौकट होती, तिच्यावरही खूण केली. भजन तुटलं. तिनं वळून आत्याकडं पाहिलं, आणि नेमक्या त्याच वेळी तिच्या कानाशी स्पीकर बोलला.

“पोरी, पुस्तकं शिकलीस म्हणून बापाहून मोठी झालीस का? आत्याचा जीव वाचू दे.”

तिचा हात माऊसवर तसाच राहिला. गुंडी शून्यावर होती, बंदची खूण समोर दिसत होती, आणि आवाज तिच्या आत्याबद्दल बोलत होता. मागं गर्दीनं जयजयकार केला. महाराजांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं की ही लेक आज खऱ्या शाळेत आली. आतापर्यंत अडाणी माणसांनी शपथेवर सांगितलं होतं. आज कॉम्प्युटर शिकवणाऱ्या बाईनं स्वतःच्या हातानं चमत्कार करून दाखवला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

घरी आल्यावर आत्यानं कोनाड्यातली पाकिटं काढून चुलीमागं टाकली.

सोमवारी खामगावच्या बसमध्ये पंचफुलाच्या मागच्या बाकावर तीच चर्चा चालली होती. कुणीतरी मास्तरीण होती म्हणे, देवानं तिचा गर्व उतरवला. पंचफुला खिडकीबाहेर पाहत बसली. तिला सगळ्यांत जास्त लाज वाटत होती ती वेगळ्याच गोष्टीची : त्या एका क्षणी तिनंही मनातल्या मनात हात जोडले होते.

क्लास सुटल्यावर ती एकटीच एका मशीनपुढं बसली. गाणं लावलं, गुंडी शून्यावर नेली. गाणं गप्प. पुन्हा वर, पुन्हा खाली. तिनं क्लासच्या मालकांना, इंद्रभान सरांना, सगळी हकीकत सांगितली. सर मूळचे हिशेबातले माणूस. ते कॉम्प्युटरचं फारसं बोलले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं की गुंडीनं गाणं बंद झालं ना? मग गुंडी तिचं काम करतच आहे. जे बंद झालं नाही, ते त्या गुंडीच्या हाताखालचं नसेल.

पंचफुला विचार करू लागली. गुंडी कुणाची? भजन वाजवणाऱ्या प्रोग्रामची. तो प्रोग्राम स्वतः जे वाजवतो तेवढंच तिच्या ताब्यात. पण आवाज स्पीकरला पाठवतो कोण? कॉम्प्युटरच्या पोटातलं साउंड कार्ड. आणि तिला एकदम डबड्याची मागची बाजू आठवली. चौरंगापाशी वाकताना तिनं पाहिलं होतं : त्या कार्डात दोन वायरी खोचलेल्या होत्या. एक स्पीकरांकडं गेलेली; दुसरी पत्र्याच्या भिंतीला पाडलेल्या भोकातून पलीकडं. कुणी विचारलं की महाराज तिला अर्थिंग म्हणायचे. जगातल्या कुठल्या साउंड कार्डाला अर्थिंग लागतं?

तिनं कपाटातून माइक काढला आणि कार्डात खोचला. बोलून पाहिलं, काहीच नाही. मग तिनं कार्डाचं स्वतःचं पान उघडलं, जे रोजच्या कामात सहसा कुणी उघडत नाही. त्यावर एकाला लागून एक उभ्या पट्ट्या होत्या : गाण्याची वेगळी, सीडीची वेगळी, माइकची वेगळी, आणि डावीकडं सगळ्यांची मिळून एक. माइकच्या पट्टीखाली बंदची खूण होती. मशीन विकत घेतल्यापासून ती तशीच असते. पंचफुलानं ती खूण काढली आणि माइकमध्ये म्हटलं, “पोरी.”

रिकाम्या क्लासमध्ये स्पीकर घुमला. तिनं गाण्याच्या प्रोग्रामची गुंडी शून्यावर आणली आणि पुन्हा बोलली. आवाज तस्साच. त्या गुंडीला माइकची खबरच नव्हती. पंचफुला एकटीच हसायला लागली आणि इंद्रभान सर काय झालं म्हणून धावत आले.

पण कळणं वेगळं आणि गावाला पटवणं वेगळं. पुढच्या शनिवारी ती घरी गेली तेव्हा आत्याला ताप होता आणि डोळे खोल गेले होते. पंचफुलानं वायर, माइक, पट्ट्या, सगळं सांगून पाहिलं. आत्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि तिच्यापुढं अट टाकली.

“तू म्हनते तं येतो मी. पन हारली तं तू बी तिथी माथा टेकशीन. आन जलमात गोळ्याचं नाव काढनार नाई.”

महाराज काही बुद्धू नव्हते. त्यांनी आठवड्यात वायर बदलली असेल, ते पान उघडता येऊ नये अशी तजवीज केली असेल, तर? हरली तर आत्या हातची जाणार होती. न जावं, तरी आत्या जाणारच होती. पंचफुलानं हो म्हटलं. मग बापाला बाजूला घेऊन सांगितलं की उद्या गोदामाच्या मागच्या अंगाला उभं राहा, आणि मी हाक मारली की जे दार दिसेल ते उघडा.

रविवारी गर्दी दुप्पट होती. मागच्या रविवारची कीर्ती पार नांदुऱ्यापर्यंत गेली होती. पंचफुला दिसताच महाराजांना उधाण आलं. असा आयता दाखला कोण सोडतो? त्यांनी तिला स्वतः पुढं बोलावलं आणि लोकांना सांगितलं की ही तीच लेक, आज पुन्हा देवाची परीक्षा घ्यायला आली आहे, घेऊ द्या.

तिनं माऊस हातात घेतला. आधी सगळ्यांना दिसेल अशी गुंडी शून्यावर नेली. भजन थांबलं आणि आवाज आला, “आलीस पोरी? मन शांत झालं का?” गर्दी खूश झाली. म्हणजे वायर जागेवर होती. पंचफुलाच्या छातीवरचा अर्धा दगड उतरला.

मग तिनं गुंडी पुन्हा वर नेली, भजन सुरू केलं, आणि महाराज लोकांशी बोलत असताना कीबोर्डवर भराभर काही अक्षरं दाबली. पडद्यावर निरांजनाच्या चित्रावर ते पट्ट्यांचं पान उघडलं. तिनं माइकच्या पट्टीखाली बंदची खूण केली आणि हात बाजूला घेतला.

“महाराज,” ती म्हणाली, “आज मी आवाज बंद करत नाही. भजन चालू द्या. देवाला म्हणावं, भजनासोबत दोन शब्द बोला.”

महाराजांनी हात उंचावून देवाला साद घातली. भजन मोठ्यानं चाललं होतं. देव बोलला नाही. महाराजांनी पुन्हा साद घातली, मग जरा दरडावून. टाळ-मृदंग वाजत राहिले. महाराज म्हणाले, देव मौनात गेले आहेत.

“कॉम्प्युटर चालू आहे, स्पीकर चालू आहेत, भजन चालू आहे. फक्त देवच मौनात?” पंचफुला म्हणाली. “थांबा, मी त्यांना बोलतं करते.”

तिनं भजन थांबवलं, माइकची खूण काढली आणि ती पट्टी खेचून पार टोकाला नेली. स्पीकरमधून आधी एक शीळ निघाली. मग भांड्याचा खडखडाट. मग तेलात भजी सोडल्याचा चर्र आवाज, गोदामभर. आणि मग माणसं.

“बोलूनच राह्यलो ना मी केव्हाचा, घसा सुकला माहा.”

“मंग मोठ्यानं बोल ना बे. तिकडं ते बोंबलून राह्यले.” हा आवाज बाईचा होता आणि पाणी प्यायलेल्या प्रत्येकानं तो ओळखला. “अन् नीट ध्यान दे, पुढची बाई वडनेरची हाय. गोजरबाई नाव. लेकीची सोयरीक मोडली म्हने, मांगल्या मयन्यात. हुंड्याचं काई सांगू नोको, ते मले तिनं सांगतलं नाई.”

गर्दीत तिसऱ्या रांगेत बसलेली वडनेर भोलजीची गोजरबाई ताडकन उभी राहिली. लेकीची गोष्ट तिनं फक्त एकीला सांगितली होती, पाण्याचा तांब्या हातात घेताना.

स्पीकरमधून मग पुरुषाचा आवाज हळूच म्हणाला, “अवं बाई, आपलाच आवाज तिकडून येऊन राह्यला.”

कुणीतरी फिसकन हसलं. महाराज वायर उपटायला झेपावले, पण पुढं बसलेल्या म्हाताऱ्यांनी त्यांची कफनी धरली. देवाच्या वायरीला हात लावू नये, ही पाटी त्यांचीच होती. पंचफुलानं बापाला हाक मारली. मागं कडी वाजल्याचं सगळ्यांनी ऐकलं, तेही स्पीकरमधूनच. आणि मग कॉम्प्युटरमधून कडूबाचा आवाज आला, मळ्यात राखण करताना असतो तसा, सावकाश.

“मी कडूबा बोलतो. इथी देव नाई. एक मानूस बसेल हाय. त्याच्यासमोर तांब्याची घागर हाय, घागरीत तोंड घालून बोलते तो. वच्छलाबाई भजे तळून राह्यली.” मग तो म्हणाला, “अक्का, ऐकते ना तू? हा मीच बोलून राह्यलो.”

रुक्मिणीबाई भिंतीला धरून उठली. ती कॉम्प्युटरकडं गेली नाही. ती सरळ गोदामाला वळसा घालून मागच्या खोलीत गेली आणि दारात उभी राहिली. घागरीमागं महाराजांचा मेहुणा निवृत्ती बसला होता. नाटकात राजाचं काम करणारा भक्कम गळ्याचा माणूस, आता अंग चोरून. त्याच्या बाजूला पातेल्याजवळ त्याची बहीण वच्छलाबाई, म्हणजे महाराजांची बायको. आत्या वच्छलाबाईकडं वळली.

“मी तुले सांगतलं होतं,” ती म्हणाली. “तू पानी देल्लं तवा. मंग मी ते इसरूनच गेली होती. बाईमानूस म्हनून सांगतलं होतं.”

गोदामातल्या सगळ्यांनी हे ऐकलं, कारण माइक अजून चालूच होता.

मग थोडा गोंधळ झाला. काही तरण्या पोरांना महाराजांना हाणायचं होतं. पंचफुला मध्ये उभी राहिली. मारलं तर हा उद्या दुसऱ्या गावात देवासाठी मार खाल्लेला साधू होईल, तेव्हा मारू नका, समजून घ्या, असं तिनं सांगितलं. एका म्हाताऱ्यानं विचारलं की हे सगळं खरं, पण त्या पट्टीचं काय? मी स्वतः ती खाली आणली होती, शून्यावर.

“आजा, तुमच्या वावरात दोन विहिरी हाय असं समजा,” पंचफुला म्हणाली. तिची बोली आता पार गावाकडं वळली होती. “दोनीचं पानी एकाच पाइपात येते. तुम्ही एका विहिरीचा कॉक बंद केला तं पाइपातून पानी यायचं थांबन का? नाई थांबनार. दुसऱ्या विहिरीचं येतच राहीन. भजन हे एक विहीर, हा माइक दुसरी. पडद्यावरची गुंडी पयल्या विहिरीची. तुमच्या हातात तेवढीच देत होते. दुसऱ्या विहिरीचा कॉक अंदर असते, कार्डाजवळ. त्या कार्डाले चालवनारा प्रोग्राम वेगळा, त्याले ड्रायव्हर म्हनते.”

“एसटीचा?” मागून कुणीतरी विचारलं, आणि पहिल्यांदाच सगळं गोदाम मोकळेपणानं हसलं.

तशी ती म्हणाली की हो, तसंच. घंटी कुणीही ओढतो, पण ब्रेक ड्रायव्हरच्या पायात. आणि तिनं एकेकाला बोलावून करायला लावलं. माइकची पट्टी खाली, निवृत्ती गप्प. वर, निवृत्ती बोलका. त्याला बिचाऱ्याला प्रत्येक वेळी ‘हॅलो’ म्हणावं लागत होतं. शेवटी लोकांनी त्याला उठवलं आणि घागरीपुढं स्वतः रांग लावली. ज्याला त्याला आपला आवाज देवासारखा कसा घुमतो ते ऐकायचं होतं. महाराज कफनी सावरून कोपऱ्यात बसले होते. मी फक्त माध्यम होतो, असं ते जवळून जाणाऱ्याला सांगत होते. कुणी थांबत नव्हतं.

सोमवारी पंचफुला खामगावला गेली नाही. ती आत्याला घेऊन दवाखान्यात गेली. डॉक्टर रागावले. मध्येच सोडलेलं औषध पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागेल, आणि आजार बळावला असता तर या गोळ्यांनाही दाद दिली नसती, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. आत्यानं सगळं ऐकून घेतलं. मग बाकी बाया उभ्या असताना तिनं मोठ्यानं विचारलं, “डाक्तरसाहेब, लाल पानी जाते, ते रगत हाय का?” डॉक्टर म्हणाले की नाही आई, तो गोळीचा रंग. आत्यानं मान डोलावली. एवढा साधा प्रश्न. ज्याला विचारायचा त्याला सोडून ती तो दरबारात घेऊन गेली होती. तिला बरं व्हायला पुढं पुष्कळ दिवस लागले. पण ती बरी झाली, आणि तिचं फटकळ तोंडही परत आलं.

गोदाम आठवड्याभरात रिकामं झालं. मोतीराम सध्या कुठंतरी लग्नाच्या मांडवात स्पीकर लावतो म्हणतात, आणि चांगला लावतो. अमडापुरात आजही दोन-चार माणसं अशी आहेत की जी सांगतात, देव खराच होता, पोरीनं विटाळ केला म्हणून निघून गेला. पंचफुला त्यांच्याशी वाद घालत नाही. ती त्यांना क्लासला बोलावते.

माणूस अडाणी असतो म्हणून फसतो, असं म्हणण्यात अर्थ नाही. शिकलेली पंचफुलाही एका क्षणासाठी फसली होती. जो कॉक आपल्या हातात दिला जातो, तो आपण बंद करतो आणि समजतो की सगळंच तपासून झालं. फसवणारा नेहमी तेवढाच कॉक हातात देतो. चमत्काराशिवाय नमस्कार नाही, अशी आपल्याकडं म्हण आहे. खुशाल करा नमस्कार. फक्त हात जोडण्याआधी उठा, वळसा घाला, आणि भिंतीपलीकडं कोण बसलं आहे ते एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहून या.